झेंडूची पाकळी आणि सोळा व्होल्ट

मंडळी, आज सकाळी याच ग्रुपवर मी लिहिलं होतं की, धरणगावच्या नानांनी माझ्या जुन्या गाडीला खराब अल्टरनेटर बसवला, त्यांच्याकडे जाऊ नका. ती पोस्ट मी काढून टाकली आहे.

दसऱ्यापासून बॅटरी तापत होती, उग्र वास येत होता, हेडलाइटचे दोन बल्ब उडाले. दुपारी तणतणत नानांच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर वाट्टेल ते बोललो.

नानांनी बॅटरीला मीटर लावला. चौदाच्या जागी सोळा व्होल्ट! मग अल्टरनेटरमागे हात घालून त्यांनी एक सुटलेली बारीक वायर वर काढली. बॅटरी किती भरली, हे त्याच वायरीतून अल्टरनेटरला कळतं. ते कळेना, म्हणून तो नुसता चार्ज करत सुटला होता.

"हाई वायर कोनी काढी, भाऊ?"

मीच. दसऱ्याच्या पूजेत नव्या अल्टरनेटरला झेंडूची माळ घालताना मध्ये येत होती, म्हणून उपटली. जादाची असेल असं वाटलं. पण सगळे बघत होते. मी म्हणालो, "मला काय माहीत!"

वायरीच्या टोकाला झेंडूची सुकलेली पाकळी अडकली होती. नानांनी ती चिमटीत धरून पाहिली, वायर जागेवर बसवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उंदीरनी काढी व्हई."

तो उंदीर मीच. हे उद्या त्याच दुकानात, लोकांसमोर सांगायचं आहे. एकट्याची हिंमत होत नाही. सोबत कोण येतं?