शेजारणीच्या ड्रायरची जाळी

१४ जुलै. ड्रायरची जाळी साफ करायला काढली, बोटांना कपड्यांच्या लवीचा मऊ थर लागला आणि मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगमधली समोरची शेजारीण आठवली. तेव्हा आमच्या मजल्यावर ड्रायर फक्त तिच्याकडे होता. माझ्या हॉलमध्ये पंख्याखाली दोऱ्यांवर कुबट कपडे, आणि ही दारात उभी राहून सांगणार, "तासाभरात कडक सुकतात गं!" एका दुपारी तीच धावत आली. "वाट लागली बघ. मशीन फिरतं, पण कपडे ओलेच. सासूबाई अंथरुणात, दिवसाला तीन चादरी. तुला यातलं कळतं ना, बघ जरा." मी जाळी ओढली. तिने सासूबाईंची जुन्या लुगड्यांची गोधडी आत फिरवली होती. जांभळ्या-हिरव्या लवीने जाळी गच्च भरली होती, गरम हवा जायला वाटच नव्हती. मी ती तशीच आत सरकवली. "हीटर गेला असणार," म्हटलं. संध्याकाळी तिच्याही घरात दोऱ्या लागल्या, चादरी ठिबकू लागल्या आणि मला चक्क बरं वाटलं. मग तिला तिसरी चादर पिळताना पाहिलं, आणि ते बरं वाटणं काही टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना टूथब्रश घेऊन गेले आणि पाच मिनिटांत जाळी साफ केली. "काल नाही दिसलं तुला?" तिने विचारलं. "चष्मा नव्हता." मला तेव्हा चष्मा लागलाच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "जा, तुझ्या पोरीचा युनिफॉर्म आण, यातच टाकू." मी आणला. तो तासाभरात कडक सुकला, याचाही मला रागच आला.