क्रूसाच्या ग्रिलपाशी तडतड

माझे सासरे बर्नार्ड एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या भुईगावात दुसरा नसेल. माझा नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात मी, पप्पा आणि पप्पांचा रेडिओ. रेडिओ म्हणजे साबणाच्या वडीएवढा, साडेतीनशे रुपयांचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. दिवस मावळला की तो घेऊन ते वाडीत केळींच्या मागे उभे राहतात आणि मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं शोधतात. दिवसा जवळचीच लागतात. अंधारू लागलं की समुद्रावरून राजकोट येतं आणि नशीब असेल तर आखातातलं एखादं. तरुणपणी पप्पा सहा वर्षं मस्कतला फिटर होते. अरबी अर्धीमुर्धीच कळते, तरी कान लावून ऐकतात. हे वेड आहे असं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

या वेडाला एकच वैरी, रोषणाईचे दिवे. आमच्या आळीच्या तोंडाशी क्रूस आहे, भोवती कमरेएवढं लोखंडी ग्रिल. मे हा मरिया मातेचा महिना, तेव्हा तिथे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते आणि क्रूसाला दिव्यांच्या माळा लागतात. त्या लागल्या की पप्पांच्या रेडिओत भुणभुण सुरू होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आळीच्या बैठकीत सांगितलं, दिवे फक्त रोझरीपुरते लावा. समोरच्या लुसीआंटीने सगळ्यांसमोर विचारलं की तुझ्या डबड्यासाठी मरिया मातेला अंधारात बसवायचं का. लोक हसले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पप्पा रोझरीही घरातच म्हणू लागले. दोघं एकाच वर्गात शिकलेली, पण घरं समोरासमोर असून एकमेकांकडे बघायची नाहीत.

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात लुसीआंटीच्या पुतण्याने, जॅक्सनने, माळा बदलल्या. आंटीच्या गॅलरीतल्या जुन्या बोर्डावरून वायर ओढली आणि बांधायच्या तारेने ग्रिलला आवळली. आंटीने बादलीभर पाणी ओतून क्रूसाची पायरी धुतली. साडेसातला माणसं जमली, सगळी अनवाणी. मी पुढेच उभी होते. दिवे लागले, सगळ्यांनी कौतुक केलं.

तेवढ्यात वाडीतून पप्पा आले, कानाला रेडिओ लावून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारीच मी बजावलं होतं, तिकडे रेडिओ आणून माझी लाज काढू नका. ते माझ्याकडे न बघता रेडिओ आडवा धरून गोल फिरवत होते. त्याचं टोक आवाजाच्या रोखाने आलं की आवाज बुडतो, हे त्यांनी मला शंभरदा शिकवलेलं. आवाज बुडाला तेव्हा टोक सरळ ग्रिलकडे होतं. ते जवळ आले तशी खरखर वाढत गेली.

"जॅक्सन, दिवे बंद कर," ते म्हणाले. "ग्रिलमध्ये करंट आहे."

कोणीतरी मागून हसलं. जॅक्सन म्हणाला, अंकल, दरवर्षी तुमचं काहीतरी असतंच. पप्पा समजावू लागले की नेहमीची भुणभुण एकसारखी असते, ही तडतड आहे, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी, म्हणजे कुठेतरी ठिणगी उडते आहे. त्यांनी रेडिओ सगळ्यांसमोर धरला. आम्हाला नुसती खरखर ऐकू आली. खरं सांगते, मलाही वाटलं की म्हातारा जुना राग काढतो आहे.

लुसीआंटी पायरीवर उभी होती. रोझरी तीच सांगते. तिचे गुडघे गेलेत, त्यामुळे गुडघे टेकताना ती दोन्ही हातांनी ग्रिल धरते आणि हळूहळू खाली बसते. आळीतल्या पोरासोरांना हे माहीत आहे. पप्पांनाही.

तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली. "दिवे लागले की तुझा रेडिओ ओरडतो, हे तूच सांगितलंस ना, बर्नार्ड? मग आज नवीन काय?"

त्यांचीच तक्रार त्यांच्या तोंडावर आली होती. आंटीने जपमाळ मनगटाला गुंडाळली, क्रूसाची खूण केली आणि ओल्या पायरीवर अनवाणी पायाने ग्रिलकडे वळली.

पप्पांनी घरच्या दिशेने हात केला आणि माझ्यावर खेकसले, "रोवेना, टेस्टर!" मी धावले. स्वयंपाकघराच्या खणात टेस्टर कुठे आहे ते ठाऊक होतं, तरी घाईत तो दोनदा खाली पडला. एकच विचार डोक्यात, मी आधीच का नाही आणला.

परत आले तेव्हा पप्पा पायरीवर चढून तिच्या आणि ग्रिलच्या मध्ये उभे होते. आंटीचे हात पुढे आलेले होते. पप्पांनी रेडिओ तिच्या एका तळहातावर ठेवला आणि तिचाच दुसरा हात वर ठेवून तो झाकला.

"हा तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "परत मागणार नाही. दिवे वर्षभर लाव. मी चुकलो म्हण हवं तर. आज फक्त ग्रिल धरू नको."

तो रेडिओ पप्पा मलासुद्धा पुसायला देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत. आंटी हातातल्या त्या खरखरत्या डब्याकडे बघत राहिली, आणि तिने हात मागे घेतले.

मी घरातून येताना पायात सरकवलेल्या रबरी चपलांनिशी खालीच उभी राहून टेस्टर ग्रिलला टेकवला. आतला दिवा पेटला, लालभडक.

जॅक्सन ओरडत गॅलरीकडे पळाला. दिवे गेले. नंतर पाहिलं तर बांधायची तार वायरच्या आवरणात रुतून आत शिरली होती.

अंधारात तडतड एकदम थांबली आणि लुसीआंटीच्या मुठीतून एका माणसाचा अरबी आवाज स्पष्ट येऊ लागला. मला रडू आवरेना. त्या रात्री मेणबत्त्यांवर रोझरी झाली. ग्रिल धरायचं नव्हतं, म्हणून आंटी पप्पांच्या खांद्याला धरून गुडघ्यांवर बसली आणि उठताना तोच खांदा धरून उठली.

रेडिओ तिने त्या रात्री परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला जॅक्सन नवी वायर लावून तयार होता, पण आंटीने त्याला थांबवलं. स्वतः लंगडत आमच्या दारात आली आणि रेडिओ पप्पांपुढे धरला.

"दिवे लावते," ती म्हणाली. "आधी एक फेरी मारून ऐक. तू हो म्हटल्याशिवाय मी गुडघे टेकणार नाही."