आई तिसऱ्या मजल्यावर अडकली

हैदराबादकर मंडळी, आत्ताच बरकतपुऱ्याला घरी पोचले. लगेच लिहायला बसले.

दुपारी आईला नव्या मॉलमध्ये नेलं होतं. तिला शाल घ्यायची होती. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि आम्ही दुकानात असतानाच लिफ्ट बंद पडली.

सरकत्या जिन्यापाशी आई थबकली. "उतरताना पायरी पायाखालून पळते गं. मला नाही जमणार."

साधा जिना शोधला, तर त्याच्या दाराला कुलूप. गार्ड म्हणाला, "चाबी नीचे है मॅडम. एस्केलेटर से जाओ ना, सब जाते."

बसायला कुठे बाकसुद्धा नाही. जन्मभर मुख्याध्यापिका म्हणून ताठ उभी राहिलेली माझी आई चकचकीत फरशीवर भिंतीला टेकून बसली. लोक वळसा घालून जात होते. तिने माझा हात घट्ट धरला. "इथे आग लागली तर काय करायचं?"

मी त्या दारासमोर जाऊन उभी राहिले आणि गार्डला म्हटलं, "चाबी आने तक मैं यहाँ से नहीं हटती."

बऱ्याच वेळाने चावी आली. कठडा धरून, थांबत थांबत आम्ही उतरलो.

ऑटोत आई म्हणाली, "आत येताना सगळे हसून नमस्कार करतात. बाहेर पडायचं म्हटलं की कोणालाच रस्ता ठाऊक नसतो."

कोठी भागातलं आमचं नेहमीचं शॉपिंग सेंटर कळकट आहे, पण तिथला जिना उघडा असतो आणि दुकानदार आधी आईला खुर्ची देतात.

तुमच्या आईला निर्धास्त नेता येईल असा एखादा मॉल आपल्या हैदराबादेत आहे का?