शंभर वर्षांनंतरची चाळ

आमची काळाचौकीची चाळ पाडायचं ठरलं, त्या वर्षी गणपतीत मंडळाने स्पर्धा ठेवली. चाळीचा एक जुना फोटो सगळ्यांना मोबाईलवर पाठवला आणि सांगितलं, यातूनच शंभर वर्षांनंतरची चाळ करून दाखवा. पहिल्या नंबराचा बॅनर मंडपाच्या दाराशी लागणार होता.

मी बारा वर्षं जाहिरातींचे फोटोच सजवतेय. बॅनर माझाच, असं मी आईला सांगूनही टाकलं.

आधी साफसफाई केली. दोऱ्यांवरचे कपडे, पिंपं, बादल्या, कठड्याला टेकलेली माणसं, सगळा पसारा ब्रशने पुसला. मग आकाश जांभळं केलं, कठड्यांवर निळ्या प्रकाशाच्या रेघा ओढल्या, वर तरंगत्या गाड्या सोडल्या.

बॅनर लागला तो तळमजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीचा. ती पोळीभाजीचे डबे करते, फोटोचं काम मोबाईलवरच शिकलेली. तिने काहीच पुसलं नव्हतं. वाळत घातलेले कपडे निळे चमकत होते, पिंपं अधांतरी तरंगत होती.

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? तोंडावर "मस्त झालंय गं" म्हटलं आणि घरी येऊन तिच्या चुका मोजल्या. कडा फाटलेल्या. सावल्या भलत्याच बाजूला. लोकांना डोळे नाहीत का?

आई मात्र येताजाता त्या बॅनरपाशी थांबायची. शेवटी मी चिडलेच. "एवढं काय आहे त्यात?"

"त्याच्यात तुझे बाबा आसत," ती म्हणाली. "तुझ्यात खंय?"

मी तशीच खाली गेले. बॅनरवर तिसऱ्या मजल्याच्या टोकाला गंजीफ्रॉकातले बाबा, हातात पेपर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी येऊन माझी फाईल उघडली. त्या जागी गुळगुळीत, लखलखता कठडा होता. बादल्यांबरोबर मी त्यांनाही पुसलं होतं.

लाज वाटली. पण त्याहून जास्त हेवा वाटला. माझे बाबा तिला दिसले होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिने मला थांबवलं. "काकांना ओळखलंस ना गं? तुझ्यासाठी मुद्दाम जरा उजळ केले."

"लगेच," मी म्हटलं.