गणितात हजर, संगीतात गैरहजर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जेवणाचा डबा वाजवणं. मी सेकंड शिफ्टला निघालो होतो. बायको म्हणाली, दोन मिनिटं बसा. डबा मधे ठेवला. मी तीन-तीनचं वाजवायचं, तिनं चार-चारचं. बारा मात्रा झाल्या की दोघांचा पहिला ठोका परत एकत्र पडायला हवा. मी अकराव्यालाच घसरलो.

"तुम्ही मशीन चालवता, का मशीन तुम्हाला चालवतंय?"

मी हसून उठलो. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले. नऊ दिवसांत गेली.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं साल. पिंपरीत चाळीतली खोली. मी चौथी शिकलेला. ती लग्नानंतर रात्रशाळेतून मॅट्रिक झाली, आणि सकाळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली. गणित आणि संगीत. असली जोडी कुणी घेत नाही म्हणून कारकून हसला होता. ती त्याला म्हणाली, दोन्हीत मोजायचंच असतं.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी तिचा शाळेचा दाखला परत आणायला कॉलेजात गेलो. कारकुनानं हजेरीची दोन पुस्तकं काढली. गणिताच्या पुस्तकात तिच्या नावापुढं, आजारी पडेपर्यंत, रोज हजर. त्याच सकाळी, पुढच्याच तासाला, संगीतात गैरहजर. जूनपासून. एक दिवस सुटलेला नाही. सतत गैरहजर म्हणून तिथलं नाव लाल शाईनं खोडलेलं.

संगीताचे सर तिथंच चहा पीत होते. मी म्हणालो, साहेब, ती तर रोज येत होती. त्यांनी आधी चहा संपवला.

"बाई गेल्या, वाईट झालं. पण तुम्हा लोकांच्या घरात हलगी असतेच की. तंबोऱ्याचा सोस कशाला?"

कारकून हसला. मी काय केलं? हात जोडले. "व्हय साहेब," म्हणालो.

माझा बाप गावात दुसऱ्यांच्या वरातीपुढं हलगी बडवायचा. शिळ्या भाकरीवर. धम्म घेतला त्या दिवशी त्यानं ती चुलीत घातली. आणि त्याचा पोरगा, खिशाला युनियनचा बिल्ला लावून, व्हय साहेब. अजून जीभ जळते.

फाटकाशी शिपायानं मला गाठलं. चाकणकडचा, म्हातारा. मागं-पुढं बघून बोलला.

"भाऊ, यायची हो ती. सरांनी आत बसू दिलं न्हाई, तंबोऱ्याला हात लागंल म्हणून. दाराबाहेर फरशीवर बसायची. बोटांवर मोजायची. मी रोज बगितलंय."

"मग बोलला का न्हाई कुणाला?"

"नोकरी हाय, भाऊ."

घरी ती रोज सांगायची, आज सरांनी अमुक शिकवलं, तमुक शिकवलं. बाहेर बसवलं हे कधी सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून नाही. मी कॉलेज सोडायला लावीन म्हणून. लावलंच असतं मी. तिला नवरा बरोबर ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीचा खाकी ड्रेस घातला आणि संगीताच्या वर्गात गेलो. चपला पोरींच्या चपलांशेजारी काढल्या. सतरंजीवर तंबोऱ्यासमोर बसलो. सरांनी हजेरी घेतली. माझ्याकडं न बघता पुस्तक मिटलं.

"एक नाव राहिलं," मी म्हणालो. तिचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

"त्या वारल्या आहेत. तुम्ही बाहेर व्हा."

"जूनपास्नं ती जित्ती होती. दाराबाहेर होती, तुम्ही बसवली म्हणून. आता एकेक दिवस हजर मांडा."

त्यांनी शिपायाला हाक मारली. म्हातारा आला. उंबऱ्याशी थांबला. आत आला नाही.

मी मांडी घट्ट घातली.

"घ्या पेन हातात," म्हणालो. "मांडून होईस्तवर मी हितनं हलत न्हाई."