ढेकूळवाल्याचा आवाज

प्रथम क्षमा मागते. चौतीस-पस्तीस वर्षे नायगाव आणि भोकरच्या शाळांतून मी मराठी शिकवले आणि त्या काळात केवळ इतरांची वाक्ये तपासली. निवृत्तीनंतर, या वयात, स्वतःची वाक्ये लोकांपुढे मांडायला बसणे हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. त्यातून माझा विषयही काही थोर नाही. दूरचित्रवाणीवर माहितीपट सादर करणाऱ्या मंडळींविषयी मला मनापासून तिटकारा आहे, आणि तो कसा जडला एवढेच मला सांगायचे आहे. कोणाला हे अगदीच क्षुल्लक वाटले तर त्यांनी इथेच थांबावे. मला वाईट वाटणार नाही.

या मंडळींचे प्रकार मी पुष्कळ पाहिले. एक गृहस्थ किल्ल्याच्या भिंतीवर असा हात ठेवीत की जणू तिला ताप आला आहे. एक बाई जंगलात कुजबुजत बोलत; वाघ मैलभर लांब असे, तरी त्यांचा स्वर चढत नसे. हल्लीचे धावत धावत बोलतात आणि धाप लागली की त्यालाच तळमळ समजतात. परंतु या सर्वांचा मूळपुरुष माझ्या लेखी एकच. त्याला आमची गल्ली ‘ढेकूळवाला’ म्हणे, आणि ते नाव माझ्या आत्याने ठेवले होते.

आमचे गाव निलंग्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. लातूर वेगळा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. जिल्ह्याची कचेरी एकदम जवळ आली, म्हणून लोकांना उगीचच धीर वाटे. त्यातच लागोपाठ पाऊस चुकला. मी लातुरातून बी.एड. होऊन नोकरीची वाट पाहत घरी बसले होते, म्हणजे खरे तर पाण्याच्या रांगेत बसले होते.

ग्रामपंचायतीला सरकारी दूरचित्रवाणी संच मिळाला होता. तो लाकडी पेटीत असे, पेटीला कुलूप असे आणि किल्ली शिपायाच्या करगोट्याला. संध्याकाळी पेटीची दारे उघडली की पुढे सतरंजीवर गावातली मंडळी, मागे उभे तरुण, आणि डाव्या अंगाला, लिंबाखाली, आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया. तिथून पडदा तिरपा दिसे. पण आवाज सर्वांना सारखाच ऐकू येई, आणि आमचे मत आवाजावरूनच बनत असे.

दर आठवड्याला गावोगावच्या दुष्काळावर एक कार्यक्रम लागे. तो सादर करणारा गृहस्थ भेगाळलेल्या रानातून चालत येई, थांबे, एका गुडघ्यावर बसे, मातीचे ढेकूळ उचली, डोळ्यांजवळ नेई आणि बोटांनी कुस्करी. मग माती गळत असताना म्हणे, “ही भूमी आज आपल्याला काहीतरी सांगते आहे.” प्रत्येक गावी हेच. पाठीमागे सनई.

“ह्यो पुन्हा ढेकूळ फोडून राहिला,” आत्या म्हणे. “ह्याला कुळवामागं लावा कुणीतरी. रान तरी नीट व्हईल.”

सतरंजीवरचे किराणा दुकानदार अप्पा या गृहस्थाचे मोठे चाहते होते. ते मागे वळून म्हणत, “अक्का, ऐकू द्या जरा. काय आवाज हाय! निस्ता तुपातला.”

“तूपच खावा मग, अप्पा. पाण्याच्या रांगेत कशाला येता?”

बाया हसत. अप्पाही हसत, पण आत्याला त्यांनी ‘अक्का’ म्हणणे कधी सोडले नाही, हे नोंदवले पाहिजे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा ती नवी नवरी होती. सासरच्या देव्हाऱ्यातले देव तिने स्वतःच्या ओच्यात घेऊन नदीत सोडले होते. त्यानंतर ‘अरे देवा’ हा साधा उद्गारदेखील तिच्या तोंडून मी ऐकला नाही. ठेच लागली तर ती ठेचेलाच शिव्या देई. पुढे जे घडले त्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी विनंती आहे.

त्या उन्हाळ्यात टँकर येई आणि मारुतीच्या देवळापुढच्या विहिरीत रिकामा होई. तिथे आम्हाला शेवटी उभे राहावे लागे. उघडपणे तसे कोणी म्हणत नसे. आमचा पोहरा विहिरीत जाण्याआधी दुसऱ्या कोणाचा तरी गेलेला असे, इतकेच. आमची पाळी येईपर्यंत गाळ उरे. गल्लीच्या टोकाला आमचा स्वतःचा आड होता, कोरडाठाक. टँकरची नळी त्या आडात सोडावी, एवढीच आत्याची मागणी. सरपंच म्हणत, “एका गावात दोन ठिकाणी टँकर सोडायचा हुकूम न्हाई.” तशी मनाई कुठे लिहिली होती हे कोणी पाहिले नव्हते.

आणि एके दिवशी ढेकूळवाला साक्षात आमच्या गावात आला.

जीप आली, कॅमेरा आला, छत्री धरणारा एक माणूस आला. सरपंचांनी पाहुण्यांना गावभर फिरवले. बौद्धवाडा वाटेत नव्हता. पण भेगाळलेले रान आमच्याच बाजूला होते आणि पाहुण्यांना ते हवेच होते. त्यांनी आमच्या आडाजवळ ढेकूळ उचलले. पहिल्यांदा ते नीट फुटले नाही. दुसऱ्यांदा सावली पडली. तिसऱ्यांदा मनासारखे झाले. मग त्यांनी हात पुढे करून इकडेतिकडे पाहिले. आलेल्या माणसाला आधी पाणी, ही आमच्याकडची रीत; आत्याने त्यासाठी आधीच तांब्या भरून आणला होता. घरात तेवढेच गाळलेले पाणी होते. पाहुण्यांनी तांब्या घेतला आणि त्या पाण्याने हात धुतले. अगदी नखांपर्यंत.

आत्याने रिकामा तांब्या परत घेतला. तिला कॅमेऱ्यापुढे बोलायचे होते, आणि त्यासाठी ती त्या तांब्याचा अपमानही गिळायला तयार होती. बाहेरगावी, लातूरच्या नव्या साहेबांपर्यंत आपले म्हणणे जाण्याचा दुसरा रस्ता तिच्यापाशी नव्हता. तिला उभे केल्यावर ती जे बोलली ते मी शेजारी उभी राहून ऐकले:

“टँकर मारुतीपुढच्या विहिरीत पडतो. तिथं आम्हाला शेवटी उभं करतात. पाळी येईस्तोवर गाळ उरतो. टँकर आमच्या आडात सोडा.”

चार वाक्ये. शब्द कमी नाही, जास्त नाही. मी बी.एड.ला जे शिकले होते त्यात याहून नेटका परिच्छेद नव्हता. पाहुणे म्हणाले, “छान, छान, फार उत्स्फूर्त.”

कार्यक्रम लागला तेव्हा लिंबाखाली बसायला जागा उरली नाही. गावाची वेस दिसली, देऊळ दिसले, सरपंच दोनदा दिसले. ढेकूळ फुटले. मग आत्याचा चेहरा पडदाभर आला, तिचे ओठ हलू लागले, आणि त्यावर तुपातला आवाज सुरू झाला:

“ही माउली म्हणते, आभाळातल्या बापानं डोळे मिटले तरी आम्ही एकमेकांचा हात सोडलेला नाही. एकाच विहिरीवर सारा अठरापगड गाव आज पाणी भरतो. देवा, आता तूच धाव रे!”

सनई वाजली. सतरंजीवर टाळ्या पडल्या. शेवटी ढेकूळवाल्याने, थेंबन् थेंब मोलाचा आहे, असे सांगितले. ते सांगताना त्याचे हात फार स्वच्छ दिसत होते.

“ह्ये म्या कवा म्हनलं?” आत्या मोठ्याने म्हणाली. “देव कुठून आनला ह्यानं?”

सरपंच वळून म्हणाले, “अक्का, लई ग्वाड बोललीस. गावाचं नाव काढलंस.” त्यांना तिने काय सांगितले होते हे ठाऊक होते, तेही तिथेच उभे होते. त्या शाबासकीइतकी घाणेरडी गोष्ट मी फार पाहिलेली नाही.

चार दिवसांनी आत्या मला घेऊन एस.टी.ने निलंग्याला गेली. पाणीटंचाईचे काम पाहणाऱ्या साहेबांपुढे तिने तीच चार वाक्ये म्हटली. साहेब सज्जन दिसले. ते म्हणाले, “बाई, तुम्हाला तर मी टीव्हीवर पाहिलं. तिथं तुम्हीच सांगितलंत की सगळा गाव एका विहिरीवर गुण्यागोविंदानं पाणी भरतो. आता वेगळा टँकर कसा मागता?”

येताना गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती. निम्मी वाट गेल्यावर म्हणाली, “मपल्या तोंडानं मपल्यालाच खोटं पाडलं गं त्यानं.”

हा कार्यक्रम ‘प्रेक्षकांच्या आग्रहास्तव’ पुन्हा दाखवणार, असे पुढे जाहीर झाले. पुष्कळ प्रेक्षकांनी सादरकर्त्याच्या संवेदनशील निवेदनाचे कौतुक केले होते म्हणे. सरपंचांना हर्ष झाला. त्यांनी निलंग्याच्या त्या साहेबांनाच आमंत्रण दिले आणि पेटीपुढे त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. आत्या त्या संध्याकाळी लिंबाखाली बसलीच नाही. ती मला धरून थेट पेटीजवळ जाऊन उभी राहिली.

“अक्का, तिकडं बसा की,” शिपाई म्हणाला.

“मपलं तोंड दिसनार हाय. जवळून बघते.”

वेस, देऊळ, सरपंच. ढेकूळ फुटताच ती माझ्या कानाशी म्हणाली, “आवाज बंद कर त्याचा.”

मी जन्मजात भिडस्त. वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही मी जेमतेम पुटपुटे. साऱ्या गावापुढे हात लांब करून ते बटण मी कसे फिरवले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सनई तुटली. पडद्यावर आत्याचा चेहरा आला, आणि पडद्याशेजारी उभी असलेली आत्या बोलू लागली.

“टँकर मारुतीपुढच्या विहिरीत पडतो.”

पहिले वाक्य जरा पुढे धावले. दुसऱ्यापासून ओठ जुळले. तिसऱ्याच्या मध्येच पडद्यावर भेगाळलेली जमीन आली. आत्या थांबली, रांगेत थांबावे तशी थांबली, आणि चेहरा परत आल्यावर तिने तो ‘गाळ’ शब्द नेमका ओठांवर ठेवला. “टँकर आमच्या आडात सोडा.” पडद्यावरचे तोंड मिटले. शेजारचेही मिटले.

“आवाज सोड गं पोरी!” सरपंच ओरडले. घाबरून मी बटण उलटे फिरवले. पडद्यावर आत्याचा चेहरा अजून तसाच होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्या मिटलेल्या ओठांवर तुपातला आवाज आळवीत होता: “देवा, आता तूच धाव रे!”

मग सतरंजीवरून अप्पा सावकाश म्हणाले, “तोंड तर मिटलंय की. मंग बोलून कोन राहिलंय?”

साहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी सरपंचांकडे पाहिले नाही. आत्याला विचारले, “आड कुठं आहे तुमचा?”

त्याच आठवड्यात टँकरची नळी आमच्या आडात सुटली. गावाने बरेच दिवस आमच्याशी बोलणे टाकले आणि सरपंचांनी पेटीपुढे दोरी बांधली, कोणी बटणाला हात लावू नये म्हणून. अप्पा मात्र दुकानात आत्याला म्हणाले, “आवाज तुपातला हाय, अक्का, पन तूप शिळं निघालं.” ढेकूळवाला पुढेही वर्षानुवर्षे गावोगावी ढेकळे फोडीत राहिला. त्याला यातले काही कळले असेल, असे मला वाटत नाही.

आज आत्या नाही. मी नांदेडला मुलाकडे असते. भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर दुष्काळ, पूर, जंगल, पाडे सर्व काही दिसते, आणि पुढे कोणीतरी नीटनेटका मनुष्य उभा राहून त्या सर्वांच्या वतीने भावुक होत असतो. सूनबाई म्हणते, “आई, किती मनापासून बोलतात हो हे!” मी रिमोट घेऊन आवाज बंद करते. घरातले चिडतात. पण मला पाठीमागच्या माणसांचे ओठ पाहायचे असतात. एखादी बाई बोलत असते, तिचे बोलणे संपते, ती तोंड मिटते आणि चित्र पुढे जाते.

पेटीजवळ जाऊन उभे राहणे आत्याला जमले, कारण पेटी तिच्याच गावात होती. ज्यांना ते जमले नाही, ती सगळी माणसे काय बोलत होती, हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?