मशीनवर बसणारी बहीण

सत्तरच्या दशकात मी आणि माझी धाकटी बहीण सुरतेत एका ट्रस्टच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायचो. ट्रस्टच्या शेठची मिल होती. तिथे पगाराच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर आला, तेव्हा शेठने ठरवलं की दवाखान्याच्या नोंदीही त्यात घालायच्या. कॉम्प्युटरला त्या वाचता याव्यात म्हणून मशीनवर कार्डांना नोंदीप्रमाणे भोकं पाडायला एक मुलगी हवी होती. मोठ्या डॉक्टरांनी बहिणीला निवडलं.

मी तडक त्यांच्याकडे गेले. "साहेब, मी का नाही?"

"तारा वगर बारी कोण संभाळशे?" ते हसून म्हणाले.

तुझ्याशिवाय खिडकी कोण सांभाळणार, म्हणजे ती तारीफच होती. माझ्या अंगाची आग झाली.

बहीण आता मिलच्या थंडगार खोलीत बसायची. भर उन्हाळ्यात स्वेटर घेऊन जायची. मी खिडकीत घामाने निथळत रांगेशी भांडायचे. आई नळावर खानदेशातल्या बायांना अहिराणीत कौतुकाने आपल्या पोरीचं सांगायची, "मनी पोर मशीनवर बठस!" खिडकीवरच्या पोरीचं कोण कशाला सांगेल?

मशीन बिघडावं असं मला रोज वाटायचं. ते बिघडलं नाही. काही महिन्यांनी कॉम्प्युटरमधून नोंदींचे लांबलचक छापील कागद आले. डॉक्टरांच्या लक्षात आलं, त्वचेचे बरेचसे पेशंट सुरतेजवळच्या पलसाण्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यांतले. एकदा येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, कारण त्वचेच्या डॉक्टरांचा वार त्यांच्या कामाच्या दिवशी पडतो. वार बदलून त्यांच्या सुट्टीला ठेवला. हात सोलवटलेली माणसं नेमाने येऊ लागली. एकाने खिडकीतून मला हात जोडले. "बेन, बहोत अच्छा किया."

"ते माझ्या बहिणीचं काम," मी म्हणाले. तोंड कडू झालं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी भाकरी थापताना बहीण म्हणाली, "ताई, मशीनवर अजून एक मुलगी हवीय. मी तुझं नाव दिलंय."

"तुझ्या वशिल्याने येऊ?"

"मग मला खिडकीवर कुणी चिकटवलं होतं?"

मी गेले. पहिल्या दिवशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "हळू ताई, कार्ड वाया जातंय." कानशिलं तापली, पण शिकले.

पुढे कैक वर्षं आम्ही शेजारी बसलो. तिचा वेग मला कधीच गाठता आला नाही. तिचा गठ्ठा संपायचा तेव्हा माझा अर्धा बाकी असायचा. मग ती उठून दोघींसाठी चहा आणायची, आणि मी जळत जळत तो प्यायचे.